तायडे सरांना कळत नाही

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातले ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ, गणिताचे गाढे जाणकार आणि आमच्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन गौरवलेले श्री. वामनराव तायडे सर यांनी आपल्या उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला एकही तास शिकवलेला नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी. ज्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढले आहेत त्यांनी ते पुसून टाकण्याची गरज नाही. फोटो चांगले आले आहेत.

सर शिपाई होते. अकोल्याच्या एका शाळेत, चौतीस वर्षं.

यात सरांनी कोणाला फसवलं असं समजू नका. फसवलं आम्ही, आणि तेही स्वतःलाच. झालं असं की त्यांचा मुलगा प्रशांत इथे पुलांचा इंजिनिअर. मंडळात नवा माणूस आला की आम्ही दोन प्रश्न विचारतो: राहता कुठे, आणि वडील काय करायचे. प्रशांतने पहिल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवात, बायकोला न्यायला आला असताना, हातात तिळगूळ घेऊन उत्तर दिलं, "बाबा शिक्षण खात्यात होते." बस्स, एवढंच. पाडव्यापर्यंत आम्ही त्यांना मुख्याध्यापक केलं होतं. गणपतीपर्यंत ते शिक्षणतज्ज्ञ झाले. आमच्या मंडळात बढती फार लवकर मिळते, फक्त समोर नसावं लागतं. वर्षभराच्या व्हिसावर प्रत्यक्ष वामनराव आले तेव्हा विमानतळावरून थेट शालीतच गेले, असं म्हटलं तरी चालेल.

आता होमवर्क क्लबाबद्दल. माझी शेजारीण अचोल साउथ सुदानची. वृद्धांच्या केंद्रात काम करते, शिफ्टवरून आली की कुंपणाशी उभं राहून माझ्याशी गप्पा मारते. तिला दोन मुलगे, पंधरा वर्षांचा माजोक आणि अकरा वर्षांचा डेंग. एकदा तिने विचारलं, "तुम्हा इंडियन लोकांच्या मुलांना मॅथ्स येतं कसं?" खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: मार खाऊन. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "आपण एक क्लब काढू." माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच सुरू झाल्या आहेत, लग्न धरून.

लायब्ररीमागचा हॉल मिळाला. मंगळवार-गुरुवार, शाळा सुटल्यावर, चार ते सहा. पंधराएक मुलगे आले, जवळपास सगळे अचोलच्या ओळखीच्या घरांतले, सगळे माझ्यापेक्षा उंच, आणि सगळे मागच्या दाराने बास्केटबॉल कोर्टावर जाण्यात तरबेज. मंडळाने उत्साहाने स्वयंसेवक पाठवले. त्यांतल्या कुलकर्ण्यांनी पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड बनवला. मुलं पंधरा, आलेख सोळा. सोळावा आलेख मुलं कोर्टावर किती वेळ असतात याचा होता, आणि तेवढा एकच चढता होता. महिन्याभरात स्वयंसेवक पांगले. उरले मी, आणि मला भागाकार करताना अजून ओठ हलवावे लागतात.

तेव्हा प्रशांत म्हणाला, "बाबा घरी कंटाळतात. पाठवू का?"

त्या मंगळवारी तायडे सर आले ते राखाडी सफारीत. किरकोळ अंगकाठी, पांढरे केस पाण्याने चोपून बसवलेले, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. मुलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून खडू काढला आणि प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यावर नंबर घालायला लागले. ए ००१, ए ००२, दहावीच्या परीक्षेत बाकांवर असतात तसे. मुलं बॉल बगलेत धरून बघत उभी. नंबर संपले तसे सर मागे वळले आणि पंचवीस वर्षं साठवून ठेवल्यासारख्या आवाजात म्हणाले, "चेक युवर सीट नंबर!"

सरांचं इंग्रजी एवढंच होतं, हे मला नंतर कळलं. त्यांना इंग्रजी येत होतं ते सगळं परीक्षेच्या हॉलमधलं. सायलेन्स प्लीज. नो टॉकिंग. लास्ट टेन मिनिट्स. पेन्स डाउन. एवढ्या सामग्रीवर हा माणूस वर्षभर ऑस्ट्रेलियात राहिला. सुपरमार्केटात पुढची बाई गप्पा मारत रेंगाळली तर ते मागून शांतपणे म्हणत, "लास्ट टेन मिनिट्स," आणि बाई "सॉरी मेट" म्हणून पिशव्या उचलत असे.

डेंगने धावत जाऊन ए ००७ पकडला आणि नंतर शेवटपर्यंत तो कोणाला दिला नाही. बाकीच्यांनीही आपापले पकडले. नंबर मिळाला म्हणजे आपल्यासाठी जागा राखलेली आहे, हे त्या मुलांना फार आवडलं. का, ते मी विचारलं नाही. सर मात्र म्हणाले, "नंबर घातला की पोरगं बसते. माणसाचं तसंच आहे बा."

पिशवीत आणखी एक चीज होती: पांढऱ्या दोऱ्याची रिळं. मूळ उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधायचा तो दोरा. इथल्या मुलांनी पुरवणी हा प्रकार जन्मात पाहिलेला नाही, पण सरांच्या मते जे बांधलं नाही ते हरवतं. मुलं वर्कशीटं भोकं पाडून बांधायला शिकली. मग बॅगा एकमेकींना बांधायला शिकली. एका गुरुवारी डेंगने माझ्या बुटांची नाडी खुर्चीला अशी सफाईने बांधली, की मी उठले ती खुर्चीसकट. सरांनी गाठ तपासली, मान डोलावली आणि म्हणाले, "पुरवणी सुटणार नाही याची."

घंटा ही सरांची खरी दुखरी जागा. घंटेशिवाय शाळा म्हणजे त्यांना घर वाटत असे. त्यांनी हॉलच्या स्वयंपाकघरातला पिझ्झाचा जाड ट्रे खिडकीच्या कडीला टांगला आणि पान्याने टोला दिला. पलीकडच्या खोलीत तेव्हा योगवर्ग होता आणि बायका शवासनात होत्या. त्यांची शिक्षिका केरी, फार सौम्य बाई, लालबुंद होऊन दारात आली. सरांना वाटलं, शाळा तपासायला इन्स्पेक्टर आली. त्यांनी तिला खुर्ची दिली, दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवून पाण्याचा ग्लास दिला आणि हात मागे बांधून बाजूला उभे राहिले. रागावलेल्या माणसाला पाणी दिलं आणि त्याच्यासमोर इतक्या अदबीने उभं राहिलं तर तो काय करील? केरी पाणी प्यायली. मग ठरलं की सरांनी टोला द्यायचा तो शवासन संपायच्या वेळेला. आता त्या बायका त्या टोल्यानेच उठतात. केरी म्हणते, इतकं गाढ शवासन तिच्या वर्गात पूर्वी कधी होत नव्हतं, कारण उठवणारा माणूस आहे याची आता खात्री असते.

पाण्याचंही तसंच. पाच वाजता सर ट्रेमध्ये ग्लास मांडून प्रत्येक मुलाजवळ जात. पहिल्या दिवशी माजोक उठून उभा राहिला, "सर, मी देतो." वयस्कर माणसाने आपल्याला पाणी आणून द्यावं हे त्याच्या घरच्या शिस्तीत बसत नव्हतं. सरांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. "यू राइट," ते वहीकडे बोट दाखवत म्हणाले. "आय वॉटर."

पण शिकवणं? ते कुठे होतं? तेच सांगते.

दुसऱ्याच आठवड्यात, मी त्यांना गाडीने घरी सोडत असताना, ते समोर बघत म्हणाले, "ताई, एक सांगू का? तुमी मले सर म्हणता. पोरं सर म्हणतात. मी शिपाई होतो बा."

मी ब्रेक दाबला. मागच्याने हॉर्न वाजवला. मेलबर्नमध्ये हॉर्न म्हणजे जवळपास पोलीस केस.

"प्रशांतले नका सांगू की मी सांगितलं," सर म्हणाले. "पोरगं घाबरते."

"तुम्ही नाही घाबरत?"

"मी काऊन घाबरू? मी तर होतोच शिपाई."

त्याच संध्याकाळी प्रशांतचा फोन. "मॅडम, बाबा काही बोलले का?" मी म्हणाले, छे, काही नाही. म्हणजे आता मी दोघांचं गुपित दोघांपासून राखत होते. मला असल्या कामात अतोनात आनंद होतो, हे माझे वैरीही मान्य करतील. पण प्रशांतला मी हसले नाही. आमच्या मंडळात आडनाव ऐकल्यावर काही माणसं एक क्षण थांबतात. त्या क्षणात ती काय ताडून बघतात हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. त्या थांबण्यात 'शिपाई' हा आणखी एक शब्द घालायची त्याची इच्छा नव्हती. मीही त्या मंडळात वीस वर्षं आहे आणि थांबणाऱ्यांना कधी काही बोललेले नाही.

तर, शिकवणं. सर वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर चौतीस वर्षं बसले. आतलं सगळं ऐकू यायचं. "आठवीची भूमिती मी इतक्यांदा ऐकली की मास्तर चुकला तर मले बाहेर कळे," ते म्हणत. "पण फळा आतल्या भिंतीले. मास्तर म्हणे, आकृतीत दाखवल्याप्रमाणे. आता आकृती आत अन् मी बाहेर." म्हणजे यांना प्रमेयं तोंडपाठ होती आणि त्रिकोण कुठला ते माहीत नव्हतं. शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्यांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. ते मुलापुढे खुर्ची ओढून बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "मले सांग."

म्हणजे तू मला समजाव. मराठीतच. मुलांना त्याचा अर्थ लावायला एक दिवस पुरला.

डेंगचं पहिलं प्रकरण मला आठवतं. अर्ध्याला पावाने भागायचं होतं, उत्तर दोन. डेंगने लिहिलं दोन, आणि सुटलो म्हणून बॉलकडे हात नेला.

"मले सांग," सर.

"सर, उलटं करायचं आणि गुणायचं."

"व्हाय?"

"कारण... मिस म्हणाली."

"मिस नो. यू." आणि मग माझ्याकडे वळून, "त्याले विचारा, भागलं तर कमी व्हायला पाहिजे का नाही? अर्धं होतं ते दोन कसं झालं? वाढलं कसं?"

मी भाषांतर केलं. डेंग विचारात पडला. मलाही तोवर ते कधी विचित्र वाटलं नव्हतं, आणि तेव्हापासून झोपेतही विचित्र वाटतं. डेंगने वीस मिनिटं घेतली. शेवटी त्याने सरांच्या डब्यातली पोळी अर्धी फाडली, त्या अर्धीचे पाव-पाव असे तुकडे केले आणि ओरडला, "यात पाव किती बसतात? दोन! टू क्वॉर्टर्स, सर!" सर तुकड्यांकडे बघत राहिले. "मंग ते दोन म्हणजे पोळ्या नाहीत, तुकडे आहेत?" "तेच तर!" डेंगने कपाळाला हात लावला आणि सिद्धता खाऊन टाकली.

मी एकदा गाडीत विचारलं, "काका, तुम्हाला खरंच कळत नाही, की सोंग करता?"

"पहिल्यांदा खरंच कळत नाही," ते म्हणाले. "मंग कळते. पण तोवर पोरगं रंगात आलेलं असते. काऊन मोडा?"

हॉलभर आता हाच खेळ. मुलं एकमेकांना पकडून "मले सांग, ब्रो" म्हणायची. कोर्टावर एकाने पास चुकवला तर दुसरा कंबरेवर हात ठेवून, "मले सांग!" त्यांचे शाळेतले मार्क वाढायला लागले. थोडे थोडे, सगळ्यांचे. माजोकचे एकदम.

आणि तिथेच घोटाळा झाला.

माजोक हा न बोलणारा मुलगा. सहा फूट उंच, आणि आपण फार जागा घेतो म्हणून सतत माफी मागितल्यासारखा खांदे पाडून बसणारा. त्याला सर्व्हेअर व्हायचं होतं. क्लेटनचे रेल्वेचे रूळ उचलून वर पुलावर नेले तेव्हा तो लहान होता आणि रोज शाळा सुटल्यावर जाळीला नाक लावून, तीन पायांच्या यंत्रातून बघणाऱ्या माणसाला बघत बसायचा. ते व्हायचं तर अकरावीला वरच्या पातळीचं गणित घ्यावं लागतं, आणि ते कोणाला द्यायचं हे दहावीत शाळा ठरवते. माजोकला एका चाचणीत शंभरात अडतीस होते. पुढच्या चाचणीत चौऱ्याऐंशी.

घरी पत्र आलं. अचोलने ते कुंपणावरून माझ्या हातात दिलं. भाषा फार गोड होती. माजोकच्या निकालातल्या "अनपेक्षित बदला"विषयी एक "संभाषण" ठेवलं आहे, सोबत आधार देणारी व्यक्ती आणता येईल. मी तीनदा वाचलं. अचोलने एकदाच वाचलं होतं. "त्यांना वाटतं त्याने चोरलं," ती म्हणाली.

"तसं कुठे लिहिलंय?"

"मी एज्ड केअरमध्ये काम करते. कोणाच्याही खोलीतली वस्तू सापडली नाही की मला असंच गोड पत्र येतं."

मी गुरुवारी सरांना सांगितलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "कोणत्या दिवशी आहे?"

"काका, तुम्ही कशाला? शाळा विचारेल, हे कोण, काय शिकलेत, किती वर्षं शिकवलंय. प्रशांतला कळेल. मुलांना कळेल."

"कोणत्या दिवशी ते सांगा ना बा."

आता इथे एक खुलासा. शाळेतल्या त्या संभाषणानंतर दोन आठवड्यांनी सरांचा व्हिसा संपला आणि ते परत गेले. विमानतळावर पंधरा मुलं, केरी आणि तिच्या चार योगिनी आल्या होत्या. भरपूर रडारड झाली. ती मी सांगणार नाही, कारण रडताना सगळी माणसं सारखीच दिसतात. मला सर दिसतात ते त्या शाळेतल्या मीटिंगच्या खोलीत. बुधवार दुपार, साडेतीन. शेवटचं म्हणून मी तेच जपून ठेवलंय.

टेबलाच्या एका बाजूला गणित विभागाच्या प्रमुख मिसेस पामर. पन्नाशीच्या, नीटस, वाईट अजिबात नाहीत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. समोर अचोल, शिफ्टवरून तशीच युनिफॉर्ममध्ये, शेजारी माजोक, मी आणि राखाडी सफारी.

"आम्ही कोणावर आरोप करत नाही आहोत," मिसेस पामर म्हणाल्या. "फक्त ही उडी समजून घ्यायची आहे. त्याच्या शेजारी वर्गातला सर्वांत हुशार मुलगा बसला होता."



"पेपर," सर म्हणाले.

मिसेस पामरनी माजोकच्या दोन्ही चाचण्यांचे पेपर पुढे केले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाला थुंकी लावली, आणि पानं सराईतपणे उलटली. माणसाला त्याचं काम येतं हे दुरूनही दिसतं.

"आपण किती वर्षं शिकवलंत, मिस्टर तायडे?" मिसेस पामरनी आदराने विचारलं.

 एक साधं वाक्य मी तयारच ठेवलं होतं: ही वॉज इन एज्युकेशन. प्रशांतचंच वाक्य, इंग्रजीत. मी तोंड उघडलं.

"नॉट टीच," सर म्हणाले. "पिऊन. थर्टी-फोर इयर." मिसेस पामरना पिऊन काय ते कळेना. सरांनी बोटांवर मोजून सांगितलं, "बेल. वॉटर. स्वीप. एक्झाम ड्युटी. ऑल."

माजोकने मान वर केली. "वेट. सर? तुम्ही टीचर नाही?"

"आय नेव्हर सेड," सर म्हणाले.

माजोक आठवू लागला. मीही. खरंच की, त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

"ताई, आता नीट सांगा यांना," सर माझ्याकडे वळले, आणि पुढची पाच मिनिटं मी धापा टाकत भाषांतर केलं. "सांगा, मास्तर लोकांना कॉपी कळत नाही. मास्तर पुढे उभा राहतो. कॉपी मागे होते, संडासात होते, खिडकीत होते. तिथं शिपाई असतो. मी मोज्यातली पाहिली, डब्यातली पाहिली, पोळीच्या घडीतली पाहिली. एक पोरगं हात न मोडता प्लास्टर घालून आलं होतं, आतून सगळा इतिहास लिहिलेला. मी ते सोडवून घेतलं तर म्हणे, काका, हळू, दुखतंय."

मिसेस पामरच्या तोंडून हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"अन् सांगा, कॉपीचा पेपर स्वच्छ असतो. खाडाखोड करायला डोकं लागते. हे बघा," सरांनी बोट ठेवलं, "इथं खोडलं, इथं पुन्हा मांडलं, इथं बाणाने वर नेलं. अन् हा सातवा. सगळ्या पायऱ्या बरोबर, शेवटी बेरीज चुकली. आता त्या हुशार पोराची बेरीज चुकली होती का? नाही ना? मंग याने ही चूक कोणाची चोरली?"

मिसेस पामरनी पेपर स्वतःकडे ओढला. सातव्या प्रश्नाकडे बघितलं.  पण संशयालाही एक वेग असतो, तो एकदम थांबत नाही. "सोपा मार्ग म्हणजे," त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात माजोक पुन्हा एकदा पेपर देईल. एकट्याने. माझ्यासमोर."

"नाही," माजोक म्हणाला.

"माजोक," अचोल दबक्या आवाजात.

"नाही देणार. मॅम, मी दिलाय तो पेपर. बाकी कोणी दोनदा देणार आहे का?" तो उठला. त्याने बॅग खांद्यावर टाकली. "ठेवा तुमचं मॅथ्स."

अचोलने डोळे मिटले. मला कळलं की हा मुलगा दारातून गेला तर त्या वरच्या वर्गात पुन्हा कधी येणार नाही, आणि ते यंत्र, तो पूल, सगळं तिथेच राहील. मी काही बोलावं म्हणून उठले. मला काही सुचलं नाही. माझ्याबाबतीत ही बातमी आहे.

सरांनी आपली खुर्ची उचलली, फरशीवर कर्र असा आवाज करत नेली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर, बरोबर दाराच्या वाटेत, मांडली. बसले. "सेव्हन," ते म्हणाले. "मले सांग."

"नॉट नाउ, सर."

"मले नाही कळला सातवा. मी पंधरा दिवसात चाललो. कोण सांगील?"

माजोकने दाराकडे पाहिलं. वाटेत खुर्ची होती. सरांना ढकलून जाणं शक्य नव्हतं. त्याने चरफडत मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहिलं: एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स अधिक पाच. "याचा पूर्ण वर्ग करायचाय, ओके? सहाचं अर्धं तीन. तीनाचा वर्ग नऊ. नऊ मिळवायचे, नऊ वजा करायचे."

"मिळवले अन् काढले?" सर म्हणाले. "मंग मिळवलेच काऊन?" मी भाषांतर केलं.

"कारण, सर, बघा." माजोकने चौरस काढला. त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या चिकटवल्या. "हा एक्सचा चौरस. या दोन पट्ट्या, तीन-तीन रुंद. मिळून सहा एक्स. आता हा कोपरा रिकामा आहे. तीन बाय तीन. नऊ. तो भरला की मोठा चौरस पूर्ण होतो."

"कोपरा आणला कुठून?"

"आणला नाही! भरला, आणि बाहेर तेवढेच नऊ वजा केले. एकूण तेवढंच राहिलं."

सर चष्मा कपाळावर, भुवया ओढलेल्या, आकृतीकडे टक लावून. त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळलं होतं, मी शपथेवर सांगू शकत नाही. "वुई पुट," ते सावकाश म्हणाले, "देन वुई टेक. धिस इज... चीटिंग?"

"नोबडी इज चीटिंग!" माजोक ओरडला.   मग पुन्हा फळ्याकडे वळून त्याने हळू आवाजात, बोटाने कोपरा गिरवत, सगळं परत सांगितलं. वजा नऊ अधिक पाच, म्हणजे वजा चार. पेपरात इथेच चुकलो, तिथे चौदा लिहिले, वजाचं चिन्ह विसरलो. त्याचे खांदे आता पडलेले नव्हते. त्याने फळ्याची जेवढी जागा लागली तेवढी घेतली होती.

सरांनी मान हलवली. हनुवटी खाजवली. "अगेन," ते म्हणाले. "फ्रॉम स्टार्ट. कॉर्नर नॉट क्लिअर."

आणि मिसेस पामर, गणित विभागाच्या प्रमुख, टेबलावर दोन्ही तळहात आपटून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अहो, देवाशपथ, मिस्टर तायडे, तीनदा सांगितलं ना त्याने! बरोबर आहे त्याचं!"